वडिलांचा जबाब

ड्युसेलडॉर्फ, ९ नोव्हेंबर २०२५

चि. गौरांग,

आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, तेव्हा पत्र. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. मराठीत लिहितोय, कारण सात वर्षं दर रविवारी सकाळी तुला समोर बसवून बाराखडी गिरवून घेतली, त्याचा कुठे तरी उपयोग होऊ दे. उत्तर जर्मनमध्ये दिलंस तरी चालेल. नाही तरी तू आयुष्यभर तेच केलंस.

गेल्या रविवारी फोनवर मी तुला खोटारडा म्हणालो. शब्द कडक होता, पण मागे घेण्यासारखं काही मला अजून सापडलेलं नाही. लॅबचा कागद तूच मला पाठवलास. त्यात मॉर्फिन लिहिलं आहे. दहा महिने तू नीट वागलास, लॅबनं बोलावलं की चोवीस तासांत जाऊन लघवी देऊन आलास, चार वेळा निर्मळ निघालास. वर्ष भरायला दोनच महिने उरले होते. ते झाले असते की लायसन्स परत, ब्रेक टेस्टिंगचं काम परत. कंपनीनं मार्चअखेरपर्यंत तुला टेबलाच्या कामावर ठेवलंय ते काही तुझ्या प्रेमाखातर नाही.

मूळ शिक्षा अन्यायाची होती हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. पार्टीहून तू पायी चालला होतास. न्यूरेम्बर्ग स्टेशनवर पोलिसांना तुझ्या जॅकेटात ती ड्रगची पुडी सापडली तेव्हा तुझी गाडी एर्लांगेनला घराखाली उभी होती. तू त्यांना सरळ सांगितलंस, हो, मी घेतलं. तेवढ्यावर लायसन्स गेलं. एखादा दारू पिऊन बायकोला मारतो, त्याचं लायसन्स खिशात राहतं. पण मूळ शिक्षा अन्यायाची होती म्हणून पुन्हा घ्यायची मुभा मिळते असं नाही.

तू फोनवर एकच धोशा लावला होतास, 'बाबा, तुम्ही आईला सांगितलं होतं ना?' काय सांगितलं होतं आणि काय नाही हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न तुझ्या लघवीचा आहे.

आईला यातलं काही माहीत नाही आणि माहीत व्हायचं नाही. गाडी तू पर्यावरणासाठी विकलीस असं तिला वाटतं. एर्लांगेनमध्ये सगळेच सायकलवर, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. इथल्या मराठी मंडळात कौतुकानं सांगत असते.

बाबा


ड्युसेलडॉर्फ, २४ नोव्हेंबर २०२५

चि. गौरांग,

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या वकीलबाईंचं आलं. फ्राऊ हार्टविग चांगल्या वाटतात. तीन परिच्छेदांत सगळं मांडलंय. तुझ्या केसांची तपासणी केली, त्यात कुठलंही ड्रग सापडलं नाही. लघवीतलं मॉर्फिन इतकं कमी आहे की ते 'मोन'मधून आलेलं असू शकतं. तू दिवाळीला आमच्याकडे आला होतास. रविवारी दुपारी फराळ केलास, सोमवारी लॅबचा फोन आला, मंगळवारी सकाळी लघवी दिलीस. त्या फराळात मोन होतं, ते तुला माहीत नव्हतं आणि तू आधी घरी सावधही केलं होतंस, एवढं घरच्यांनी १५ डिसेंबरच्या आत सहीनिशी लिहून द्यावं. मग लॅब वर्ष मोडणार नाही. नाही तर पुन्हा शून्यापासून बारा महिने.

मोन म्हणजे खसखस, एवढं जर्मन मला येतं. अफूच्याच बोंडातलं बी. मूठभर पोटात गेलं तरी एक-दोन दिवस खुणा दिसतात, म्हणून लॅबशी केलेल्या तुझ्या करारात ते खायला बंदी आहे. वाचलंय मी.

करंजीच्या सारणात तुझी आई खसखस भाजून, कुटून घालते की नाही हे मला तिलाच विचारावं लागेल. स्वयंपाकघर हा माझा विषय नाही. आणि विचारायचं तर का विचारतोय ते सांगावं लागेल. तिथेच घोडं अडतं. विनयमामाचं तुला माहीत आहे. तिचा सख्खा धाकटा भाऊ. ब्राउन शुगरनं गेला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात त्याला ओळखायला ती एकटी गेली होती. त्या माणसाचं नाव आजही आमच्या घरात निघत नाही. तिच्यासमोर तुझ्या नावाशेजारी ड्रग हा शब्द मी ठेवू? तिचं बीपी तुला ठाऊक आहे.

म्हणून मी दुसरा मार्ग काढलाय, आणि तो मुळावरच घाव घालणारा आहे. मी इथल्या विधिमंडळाच्या अर्ज समितीकडे अर्ज केला. हा नियम बर्लिनचा, सगळ्या देशाला लागू. राज्यांची लायसन्स ऑफिसं फक्त शिक्का मारतात. तुझ्या लायसन्स ऑफिसातली बाई काय म्हणाली होती आठवतं? 'हो, अगदी बरोबर, हेर दातार, मला पटतं तुमचं, पण माझ्या हातात काही नाही.' सगळ्यांच्याच हातात काही नाही! मग राज्यांनी एकत्र येऊन बुंडेसराटमध्ये, त्यांच्या बर्लिनमधल्या सभागृहात, का म्हणू नये, की गाडी न चालवणाऱ्याचं लायसन्स काढून घेणं आम्हाला मान्य नाही? नऊ पानं लिहिलीत. आकडे, निकाल, सगळं. मंडळातल्या शिरीषनं वाचून सांगितलं, जयंतराव, वकील व्हायला हवे होतात. (त्याला 'एका परिचिताचा मुलगा' एवढंच सांगितलंय.)

तू जरा धीर धर.

बाबा


ड्युसेलडॉर्फ, १७ डिसेंबर २०२५

चि. गौरांग,

१५ तारीख गेली. मला माहीत आहे. फ्राऊ हार्टविगनं दोनदा फोन केला. मी म्हणालो, सणाचे दिवस आहेत. ती म्हणाली, तिच्या आयुष्यात इतका लांब सण तिनं पाहिलेला नाही.

तरी तिनं जानेवारीअखेरपर्यंत मुदत वाढवून आणली. हुशार आहे.

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी, जर्मनमध्ये. 'आईला मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे.' मी चार वेळा वाचलं. तुझ्या आज्जीचा हट्टीपणा तुझ्यात उतरलाय.

ठीक आहे, एक गोष्ट कबूल करतो. नऊ ऑक्टोबरला तू फोन केला होतास. मी तळघरातून सायकल वर आणत होतो. तू म्हणालास, बाबा, मी दिवाळीला येतोय, आईला सांगा फराळात खसखस नको, काही तरी कारण काढून सांगा, अॅलर्जी झालीय म्हणा. मी म्हणालो, काळजी करू नकोस, सांगतो. मग दोन दिवसांनी तू पुन्हा विचारलंस आणि मी म्हणालो, सांगितलं.

सांगितलं नव्हतं. सांगणार होतो. अॅलर्जी म्हटलं असतं तर तिनं डॉक्टर कोण, कधी झाली, रिपोर्ट दाखव, असे चौदा प्रश्न विचारले असते. तुझ्या आईशी खोटं बोलायला तयारी लागते. ती होईपर्यंत मी विसरलो. माणूस विसरतो, गौरांग. मी चौसष्टचा आहे.

तेव्हा खोटारडा हा शब्द मी मागे घेतो. लेखी.

आता चांगली बातमी. समितीनं माझा अर्ज सुनावणीला घेतला! २० जानेवारी. मला स्वतःला बोलावलंय, 'प्रभावित पालक' म्हणून. एक सदस्य बाई तर स्वतः फोनवर अर्धा तास बोलल्या. म्हणाल्या, असा माणूस आम्ही किती दिवस शोधत होतो, बहुतेक लोक लाजेनं समोर येत नाहीत. म्हणजे बघ.

सुनावणी होऊ दे, मग आईला सांगतो. तेव्हा सांगायला जरा बरं जाईल. गोष्टीला एक चांगली बाजू असेल.

ख्रिसमसला तू का येत नाहीस हे ती विचारते आहे. मी प्रोजेक्ट म्हटलंय. स्वेटर वेगळ्या पार्सलनं येतोय.

बाबा


ड्युसेलडॉर्फ, २२ जानेवारी २०२६

प्रिय गौरांग,

जिंकलो!

समिती राज्य सरकारला शिफारस करणार आहे की त्यांनी बुंडेसराटमध्ये या नियमाला विरोध करावा. एकमत नव्हतं, पण बहुमत झालं. इतर दोन राज्यांतही अशीच हालचाल आहे म्हणे. तुझा बाप, पिंपरीच्या शॉप फ्लोअरवरून आलेला माणूस, त्या लांबलचक टेबलाशी बसला आणि वीस मिनिटं बोलला. जर्मन अडखळलं नाही. मी म्हणालो, माझा मुलगा चालत होता, तुम्ही त्याचे पाय सोडलेत आणि चाकं काढून घेतलीत. ते वाक्य सगळ्यांनी लिहून घेतलं.

मागे पाच-सहा लोक बसले होते. त्यांत शिरीष आणि त्याची बायको नीता. मी बोलावलं नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षाची विधिमंडळात सुनावणी म्हटल्यावर ते आपणहून आले. 'परिचिताचा मुलगा' तिथेच संपला. शिरीषनं नंतर माझा हात दाबला. मी त्याला सांगितलं, घरी शोभनाला मीच सांगेन. तो म्हणाला, अर्थात.

प्रश्नोत्तरं झाली. नियमाच्या बाजूचा एक सदस्य होता, त्यानं तुझी फाईल वाचल्यासारखे प्रश्न विचारले. अशा ठिकाणी काही गोष्टी सोप्या करून सांगाव्या लागतात. शनिवारच्या पेपरात बातमी येईल. तू वाचलीस तर कुठल्या संदर्भात बोललो ते समजून घे. तुझं नाव कुठेही नाही.

जबाब या आठवड्यात नक्की.

बाबा


ड्युसेलडॉर्फ, ३ फेब्रुवारी २०२६

गौरांग,

आई तुझ्याकडे आहे, म्हणजे बरंचसं तुला कळलंय. तरी माझ्या हातानं लिहायला हवं. क्रमानं लिहितो, नाही तर पुन्हा कुठे तरी वळसा घालीन.

त्या सदस्यानं विचारलं, हेर दातार, तुमच्या मुलाची चाचणी ऑक्टोबरमध्ये पुन्हा पॉझिटिव्ह आली हे खरं ना? तुम्ही स्वतःच अर्जात लिहिलंय की वर्ष मोडलं. मग असल्या माणसाला गाडी कशी द्यायची?

उत्तर मला येत होतं. खसखस. एक शब्द. मी मागे पाहिलं. शिरीष आणि नीता बसलेले. त्या रविवारी आपल्या टेबलाशी तेच दोघं होते. खसखस म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की घरी माहीत नव्हतं का, आणि मग त्या दोघांदेखत मला सांगावं लागलं असतं की मुलानं दोनदा सांगूनही मी बायकोला सांगितलं नाही. मी म्हणालो, 'तो घसरला. व्यसन हा आजार आहे. आजारी माणसाला शिक्षा देऊ नका.'

फोनवर बोललेल्या त्या सदस्य बाईंचे डोळे भरून आले. मला वाटतं शिफारस त्याच वाक्यावर मिळाली.

शनिवारी पेपरात माझा फोटो आला आणि खाली तेच वाक्य. 'हेर्त्सोगेनआउराख गावाजवळ ब्रेक तपासणाऱ्या इंजिनिअरचे वडील' असंही होतं. ते मीच सांगितलं होतं, काम जबाबदारीचं आहे हे ठसवायला. शिरीषला वाटलं, एव्हाना मी घरी सांगितलं असेल. त्यानं ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. अभिनंदनाचे अंगठे पडायला लागले. शोभना डायनिंग टेबलाशी बसून वाचत होती, तिच्या संथ जर्मनमध्ये, बोट ठेवून.

तिनं विचारलं, "अहो, हा आपला गौरांग?"

मी हो म्हणालो.

"पुन्हा घेतलं त्यानं?"

मी हो म्हणालो. तेव्हाही.

तिनं तुला फोन केला ते तुला माहीत आहे. ती रडत काय म्हणाली तेही. तुझ्या तोंडावर तिनं विनयचं नाव घेतलं म्हणून तिच्यावर राग धरू नकोस, तिला मी खोटं सांगितलं होतं. तू तिला एवढंच म्हणालास, आई, बाबांना विचार. रविवार तिनं अंथरुणात काढला. चहाही घेतला नाही. दोन दिवस, गौरांग, तुझी आई असं समजून होती की तू विनयच्या वाटेनं चाललास. आणि मी शेजारच्या खोलीत बसून पेपरवाल्यांना धन्यवादाचं ईमेल लिहीत होतो.

सोमवारी सकाळी ती उठून आली. म्हणाली, "गौरांग म्हणतो बाबांना विचार. काय विचारू ते तरी सांगा."

मी सांगितलं. पुडीपासून सगळं. ती उभ्यानंच ऐकत होती.

"खसखस?" ती म्हणाली. "एवढंच? मग नसती घातली. नुसत्या खोबऱ्याच्या केल्या असत्या. मला काय कळणार होतं त्यातून?"

मी म्हणालो, तू कारण विचारलं असतंस.

"विचारलं असतं. आणि तुम्ही सांगितलं असतं. आणि मी रडले असते. मग?" मग ती म्हणाली, "सरकारशी भांडायला नऊ पानं लिहिलीत. माझ्याशी एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी विनयचं नाव काढलं. तिनं मला हातानं थांबवलं. "विनयचं मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तो गेला. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. त्याचं नाव तुम्ही यात आणू नका."

तीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

मग तिनं जे विचारलं, ते तू मला कधी विचारलं नाहीस. कदाचित तुझ्या मनातही आलं नसेल. ती म्हणाली, "तो खात होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

समोर होतो. आणि मी विसरलो होतो असं तुला डिसेंबरात लिहिलं ते खोटं आहे. ताट आलं तेव्हाच मला आठवलं. तू करंजी उचललीस, माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान हलवली. तुला वाटलं बाबा म्हणतायत, खा, चालेल. मी खरंच तसंच म्हणत होतो. शिरीष कसलासा विनोद सांगत होता, शोभना तुझ्या मागे उभी होती, आणि मला वाटलं, एका करंजीनं काय होणार आहे. तू पाच खाल्ल्यास. दर वेळी मला वाटलं, आता बोलायला उशीर झाला.

नोव्हेंबरात तुला खोटारडा म्हणताना हे सगळं मला माहीत होतं.

तिनं माझ्याकडून जबाब लिहून घेतला. मी लिहिला आणि तिला वाचायला दिला. तिनं सावकाश वाचला. म्हणाली, "यात माझं नाव दोनदा आहे. शोभना दातार यांनी नकळत वगैरे. तुमचं कुठे आहे?" मी तो फाडला आणि दुसरा लिहिला. तो घेऊन ती मंगळवारच्या गाडीनं तुझ्याकडे आली. रिटर्न तिकीट काढलेलं नाही.

फ्राऊ हार्टविग फोनवर चांगलं बोलली. म्हणाली, हेर दातार, जबाब उत्तम आहे, दोन महिन्यांपूर्वी पुरला असता. आता एकाच माणसाचे दोन जबाब आहेत, त्यातला एक फोटोसकट छापलेला. लॅबनं कुठला खरा मानायचा? लॅब वर्ष मोडणार. कंपनीनं तुला बोलावून तोच पेपर समोर ठेवला हे आईनं सांगितलं. ३१ मार्चनंतर टेबलही नाही.

मी तुझी क्षमा मागतो. हे वाक्य इतक्या खाली यायला नको होतं.

बाबा


ड्युसेलडॉर्फ, १० फेब्रुवारी २०२६

गौरांग,

काल पेपरच्या ऑफिसात गेलो. बातमी लिहिणारी मुलगी तुझ्याएवढीच असेल. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. मध्येच थांबून म्हणाली, म्हणजे, हेर दातार, हे नावासकट छापायचं? मी हो म्हणालो. माझा मुलगा घसरला नव्हता. मी समितीपुढे खोटं बोललो. त्यानं मला सावध केलं होतं आणि मी त्याला समोर बसून खाऊ दिलं. गुरुवारी येईल.

समितीच्या बाईंना आधी कळवलं, तेवढी रीत पाळली. त्या म्हणाल्या, शिफारस आता टिकणार नाही. विरोधातले लोक म्हणतील, जिच्या जोरावर राज्य बर्लिनला विरोध करायला निघालं होतं ती गोष्टच खोटी निघाली. त्यांना मी विचारलं, नियम तर अजून तेवढाच अन्यायाचा आहे ना? त्या म्हणाल्या, आहे. पण आता पाच वर्षं कोणी त्याला हात लावणार नाही. माझ्यासारख्या किती जणांची पत्रं त्यांच्याकडे पडून आहेत ते त्यांनी सांगितलं. मी आकडा लिहून घेतला नाही.

मंडळाचा राजीनामा दिला. शिरीषनं कारण विचारलं. गुरुवारचा पेपर वाच म्हणालो.

तू परत लॅबशी करार करतोयस, पहिल्या दिवसापासून, हे ऐकलं. नोकरी नसताना बारा महिने ती शिस्त पाळायची. माझ्याच्यानं झालं नसतं. मी यावं का, हे विचारत नाही. उत्तर माहीत आहे.

आज दुपारी आईशी फोनवर बोललो. काय काय छापून येणार आहे ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ठीक आहे. मी विचारलं, गुरुवारी पेपर आला की गौरांगला दाखवशील ना?

ती म्हणाली, "त्याला कशाला? त्याला हे सगळं पहिल्यापासून माहीतच होतं."

बाबा